दया नेमकी कुणावर? बेटांवरची मांजरं, आपलं मुंगूस आणि अंदमानची कुत्री

मंडळी, लांबलचक लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा, पण कमेंट करायची असेल तर पूर्ण वाचूनच करा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारनं जाहीर केलं की, २०५० पर्यंत देशातून ज्या शिकारी प्राण्यांचा नायनाट करायचा त्या यादीत आता रानटी झालेली मांजरंही घेणार. उंदीर, स्टोट, पॉसम ही मंडळी त्या यादीत २०१६ पासून आहेतच. ही बातमी आपल्याकडं आली ती अर्धी होऊन. ‘न्यूझीलंड सगळी मांजरं मारणार’ असा मथळा, खाली निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचा फोटो, आणि मग आपले सगळे ग्रुप पेटले. हे गोरे असेच, यांना जिवाची किंमत नाही, आपल्याकडं मुंगीलाही साखर घालतात, वगैरे वगैरे.

मी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे. का, ते सांगतो. आणि हा प्रश्न न्यूझीलंडपाशी थांबत नाही, तो आपल्या अंदमानपर्यंत येतो. तिथं आपण जे करतोय, किंवा करत नाही आहोत, त्याचा मला जास्त राग आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. काही मराठी पोर्टलनी ‘रानमांजर’ असं छापलं. रानमांजर हा आपल्याकडचा मूळचा जंगली प्राणी आहे, उसात, माळावर राहतो, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. न्यूझीलंडमध्ये चाललंय ते माणसानं बोटीतून नेलेल्या पाळीव मांजरांच्या रानात वाढलेल्या पिढ्यांबद्दल. घरातली, मालक असलेली मांजरं या यादीत नाहीत. एवढं एक वाक्य बातमीत टाकलं असतं तर निम्मा धुरळा बसला असता. पण मग क्लिक कुठून येणार? आमच्याच धंद्याची ही गोष्ट आहे, म्हणून बोलतोय.

आता न्यूझीलंडच का? या देशात माणूस पोचायच्या आधी जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता, वटवाघळं सोडून. उंदीर नाही, मांजर नाही, कोल्हा नाही. लाखो वर्षं हे असंच चाललं. त्यामुळं तिथले पक्षी वेगळेच घडले. काकापो नावाचा पोपट घ्या. चांगला दोन ते चार किलोचा, हिरवा, रात्री फिरणारा. उडता येत नाही. जमिनीवर घरटं करतो. आणि धोका वाटला की जागच्या जागी थिजतो, हलत नाही. आकाशातून बघणाऱ्या गरुडासमोर ही युक्ती चालायची. वासावर येणाऱ्या मांजरासमोर तो म्हणजे वाढलेलं ताट.

१९९५ मध्ये जगात एकूण ५१ काकापो उरले होते. जगात. आज दोनशेच्या वर आहेत, प्रत्येकाला नाव आहे, अंगावर छोटा ट्रान्समीटर आहे. हे वाढले ते फक्त अशा बेटांवर, जिथली मांजरं, उंदीर आणि स्टोट आधी संपवले. दुसऱ्या कुठल्याही मार्गानं वाढलेले नाहीत. १९७७ साली दक्षिणेच्या स्टुअर्ट बेटावर काकापोंचा एक मोठा गट सापडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. काही वर्षांतच कळलं की मांजरं त्यांना एकेक करून मारतायत. शेवटी उचलून दुसऱ्या बेटांवर न्यावे लागले.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती वाचली आणि मी दोन दिवस अस्वस्थ होतो. रिचर्ड हेन्री नावाचा माणूस. १८९४ मध्ये सरकारनं त्याला रिझोल्यूशन नावाच्या बेटावर राखणदार नेमलं. तोवर न्यूझीलंडमध्ये सशांचा उपद्रव झाला म्हणून युरोपातून स्टोट आणून सोडले होते. स्टोट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका, चपळ, मारायला लागला की थांबत नाही असा प्राणी. पक्ष्यांचे जाणकार ओरडून सांगत होते की हे करू नका. ऐकलं नाही. ससे तर सशांच्या वेगानं वाढतच राहिले, आणि स्टोट जंगलात घुसून पक्षी खाऊ लागले. हेन्री एकट्यानं होडी वल्हवत, तोंडाला मुसकं बांधलेला कुत्रा घेऊन काकापो आणि किवी शोधायचा, धरायचा आणि बेटावर आणून सोडायचा. असे शेकडो पक्षी त्यानं वर्षानुवर्षं हलवले. १९०० साली त्या बेटावर स्टोट दिसला. पोहून आला होता.

सहा वर्षांचं काम, आणि एक प्राणी पोहून येतो. खाडीपलीकडचे स्टोट तसेच ठेवून अलीकडचं बेट वाचवता येत नाही, हे न्यूझीलंडनं तिथं शिकलं. आज ते मांजरांबद्दल जे बोलतायत त्यामागं सव्वाशे वर्षांचा हा हिशेब आहे. आपण मात्र फोटोतले निळे डोळे बघून निकाल देतो.

आता मुंगसाकडं येऊ, कारण तो आपला माणूस.

मुंगूस दिसणं आपल्याकडं शुभ. लहानपणी शाळेला जाताना मुंगूस आडवं गेलं तर पेपर सोपा जाणार अशी आमची ठाम समजूत होती. महाराष्ट्रात आपण सर्रास बघतो ते राखाडी मुंगूस. त्याचा एक छोटा भाऊबंद आहे, उत्तरेत आणि बंगालकडं राहणारा. १८७२ मध्ये जमैकातल्या एका ऊसमळेवाल्यानं, एस्प्यूट त्याचं नाव, कलकत्त्याहून या जातीची नऊ मुंगसं बोटीनं मागवली. चार नर, पाच माद्या. ऊस खाणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करायला. मळेवाले खूश झाले, मागणी वाढली, कॅरिबियनमधल्या बेटाबेटांवर मुंगूस गेलं, १८८३ मध्ये जमैकाहून थेट हवाईला गेलं. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. उंदीर मुख्यतः रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडणार कशी? दिवसा जे जमिनीवर सापडेल ते मुंगसानं खाल्लं. अंडी, पिल्लं, सरडे, बेडूक. जमैकाची स्वतःची एक मोठी घोरपडीसारखी इग्वाना होती, ती संपलीच असं जग धरून चाललं होतं. १९९० मध्ये एका कोरड्या टेकाडी जंगलात थोडी उरलेली सापडली, आणि तेव्हापासून त्या जागेभोवती मुंगसांसाठी सापळे लावून बसावं लागतंय.

हेच मुंगूस १९१० मध्ये बंगालच्या त्रिभुज प्रदेशातून जपानच्या ओकिनावात गेलं, आणि तिथून १९७९ मध्ये अमामी ओशिमा नावाच्या बेटावर सोडलं. साधारण तीस. कारण? हाबू नावाचा विषारी साप. हाबूही रात्रीचाच! शंभर वर्षांपूर्वीची जमैकातली चूक जशीच्या तशी. सरकारं जगभर सारखीच असतात, हे बघून थोडं बरंही वाटलं.

अमामीवर एक काळा ससा राहतो. जगात फक्त तिथं आणि शेजारच्या तोकुनोशिमा बेटावर. फार जुन्या वंशातला, छोट्या कानांचा. याची मादी पिल्लासाठी वेगळं बीळ करते, तोंड मातीनं लिंपून बंद करते आणि अधूनमधून रात्री येऊन, उघडून, दूध पाजून पुन्हा लिंपते. असा प्राणी मुंगसापुढं काय टिकणार? २००० च्या सुमारास त्या तीस मुंगसांची दहा हजारांच्या आसपास झाली होती. ससा, काटेरी उंदीर, बेडूक सगळे मागं हटत गेले.

मग जपाननं काय केलं ते बघा. २००५ मध्ये परक्या आक्रमक प्रजातींचा कायदा लागू झाला आणि ‘मुंगूस बस्टर्स’ नावाची पगारी पथकं उभी राहिली. त्यात स्थानिक माणसं. हजारो सापळे, डोंगरात रोजची पायपीट, मुंगसाचा वास काढायला शिकवलेली कुत्री. सगळं धरून तीस हजारांवर मुंगसं मारली. शेवटचं एप्रिल २०१८ मध्ये सापडलं. त्यानंतरही सहा वर्षं शोध चालूच ठेवला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की अमामीवर मुंगूस उरलेलं नाही. सातशेहून जास्त चौरस किलोमीटरचं बेट. ससे परतलेत, बेडूक परतलेत, २०२१ मध्ये ते जंगल जागतिक वारसास्थळही झालं.

तीस हजार मुंगसं मेली. वाचताना पोटात तुटलं का? माझ्या तुटलं. मुंगसाचा काही गुन्हा नव्हता, त्याला पिंजऱ्यात घालून नेणारा माणूस होता. पण एक हिशेब मनाशी करा. ती तीस हजार मेली आणि मारणं थांबलं. कायमचं. नाहीतर दरवर्षी काही हजार मुंगसं जन्मली असती, दरवर्षी लाखो बेडूक, पिल्लं, अंडी खाल्ली असती, आणि ससा संपल्यावरही ते चालूच राहिलं असतं. ते मरण कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाही. बिळात मेलेल्या सशाच्या पिल्लाचा फोटो कोण काढणार?

काहीच न करणं म्हणजे अहिंसा, असं आपण धरून चालतो. बेटावर काहीच न करणं म्हणजे मांजराला, मुंगसाला, उंदराला मारायचं काम सोपवून आपण हात धुऊन बसणं. पाप त्यांचं, पुण्य आपलं.

आकडेही बघून घ्या, एकदाच सांगतो. जगाच्या जमिनीपैकी बेटांचा वाटा जेमतेम पाच टक्के. नामशेष झालेल्या प्रजातींपैकी साधारण साठ टक्के बेटांवरच्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पक्षी, सस्तन आणि सरपटणारे मिळून १४२ प्रजाती संपण्यात माणसानं नेलेल्या शिकारी प्राण्यांचा हात दिसला. दुसऱ्या बाजूला, गेल्या शंभरेक वर्षांत जवळपास हजार बेटांवर असे प्राणी संपवण्याचे दीड हजारांवर प्रयत्न झाले, त्यातले ८८ टक्के यशस्वी. ‘हे होतच नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही ओळ.

बरं, मी हे सगळं गोड करून सांगणार नाही. उंदीर पकडून संपत नाहीत, विषारी आमिष टाकावं लागतं, मोठ्या बेटांवर हेलिकॉप्टरमधून. ते विष रक्त गोठू देत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो. वाईट मरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २०१०-११ च्या मोहिमेत दोन हजारांहून जास्त समुद्रपक्षीही त्या विषानं मेले. त्याच मॅक्वारीवर आधी फक्त मांजरं काढली, २००० पर्यंत, आणि सशांवर सोडलेल्या रोगाचा परिणामही ओसरला म्हणून ससे एवढे माजले की डोंगरउतार उघडे पडून खचले. मग ससे, उंदीर, घुशी सगळ्यांना एकदम घेतलं, २०१४ मध्ये बेट मोकळं जाहीर झालं. अर्धवट काम केलं तर उलटं अंगावर येतं. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर तर पूर्ण काम करूनही फसलं. तिथं साधे घरातले असतात तसले उंदीर, जहाजांतून गेलेले, अल्बट्रॉसची पिल्लं जिवंतपणी कुरतडून खातात. पिल्लू उंदराच्या कित्येक पट मोठं, पण त्याला उंदीर म्हणजे धोका हेच माहीत नाही, ते बसून राहतं. २०२१ मध्ये मोठी मोहीम झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एक उंदीर पुन्हा दिसला.

म्हणजे हे अवघड आहे, घाणेरडं आहे, कधी फसतं. तरी करावं लागतं, कारण दुसरा पर्याय पिल्लू कुरतडत राहू देणं हा आहे.

आणि विषाच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी आपल्या कपाटामागं बघावं. किराणा दुकानात मिळतो तो उंदराचा चिकट पुठ्ठा. उंदीर त्यावर चिकटून रात्रभर ओरडत मरतो, सकाळी आपण नाक धरून तो कचऱ्यात टाकतो. कशासाठी? डाळीच्या डब्यासाठी. डाळीसाठी चालतं आणि जगातल्या शेवटच्या पन्नास पोपटांसाठी चालत नाही?

पकडून दुसरीकडं नेता येत असेल तर न्यावं, याला माझी शंभर टक्के हो आहे. कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटावरून पन्नासाहून जास्त मांजरं जिवंत धरून मुख्य भूमीवरच्या निवाऱ्यात ठेवली. अमामीवरही मोकाट मांजरं धरून घरं शोधून देतायत. मांजर-कुत्र्याच्या बाबतीत हे शक्य आहे. उंदरांच्या बाबतीत नाही, मुंगसाच्या बाबतीत फारसं नाही.

आता दुसऱ्या टोळीशी बोलतो. मी हे लिहिलं की काही जण खूश होऊन कमेंटमध्ये येणार, ‘बरोबर, आपल्याकडची पण कुत्री ठोका सगळी’. भाऊ, थांबा. बेटाला कड असते. शेवटचा प्राणी काढला की काम संपतं, पुन्हा येणाऱ्या वाटेवर पहारा ठेवता येतो. तालुक्याच्या गावाला कड नसते. मटण मार्केटमागचा उकिरडा तसाच ठेवून तुम्ही आज दहा कुत्री मारलीत, तर पुढच्या महिन्यात पंधरा येतील. गावात निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि कचरा उचलणं याला पर्याय नाही. निर्बीजीकरणाच्या निविदा कशा निघतात, आकडे कागदावर कसे फुगतात यावर मी बातम्या केल्यात, पुन्हा करीन. पण तो वेगळा विषय. या पोस्टचा आधार घेऊन कुणी गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारणार असेल तर त्यानं मला अनफ्रेंड करावं.

माझा मुद्दा अंदमान-निकोबारचा आहे.

आपल्या घरटी एक तरी माणूस अंदमानला जाऊन आलाय. सेल्युलर जेल बघतो, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतो, डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी रॉस बेटावर, ज्याला आता नेताजींचं नाव दिलंय, चितळांबरोबर सेल्फी काढतो. ती चितळं तिथली नाहीत. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी आणून सोडली. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळं ती बेटामागून बेटं व्यापत गेली आणि जंगलातली कोवळी रोपं खात गेली. चितळ शिकारी नाही, म्हणून इथं एवढंच. पण सेल्फीखाली ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ लिहिताना हे ध्यानात असू द्या.

कुत्री शिकारी आहेत. मूळच्या अंदमानी जमातींकडं कुत्री नव्हती. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, त्यानंतर ती आली. पुढं ओंगे लोकांनी रानडुकराच्या शिकारीसाठी त्यांना आपलंसं केलं, तो त्यांचा प्रश्न आणि त्यांचा हक्क. मी बोलतोय ते वस्त्यांच्या कडेनं वाढलेल्या, किनाऱ्यावर मोकाट फिरणाऱ्या टोळ्यांबद्दल.

या किनाऱ्यांवर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालतात. त्यातलं लेदरबॅक म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं कासव, कितीतरी क्विंटल वजनाचं. भारताच्या हद्दीत त्याची नीट अंडी घालायची जागा म्हणजे ग्रेट निकोबार, लिटल अंदमान आणि आसपास. मादी रात्री वर येते, खड्डा करते, अंडी पुरते, समुद्रात परत जाते. साधारण दोन महिने ती अंडी वाळूत असतात. कुत्र्यांच्या टोळीला खड्डा उकरायला एक रात्र पुरते. हे वर्षानुवर्षं तिथं राहून काम करणाऱ्या संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. पाणघोरपडही अंडी खाते, पण घोरपड आणि कासव हजारो वर्षं एकमेकांना ओळखून आहेत. कुत्र्यांची भर आपण घातली.

मग या कुत्र्यांचं करायचं काय? कायदा काय म्हणतो ते बघा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. कुत्रं धरा, निर्बीज करा, लस टोचा, आणि जिथून उचललं तिथंच सोडा. रस्त्यासाठी हा नियम मला मान्य आहे. आता तो किनाऱ्यावर लावून बघा. लेदरबॅकच्या घरट्यावरून धरलेलं कुत्रं, ऑपरेशन करून, टाके वाळले की परत लेदरबॅकच्या घरट्यावर! त्याला पिल्लं होणार नाहीत हे खरं. पण ते आणखी कित्येक वर्षं जगणार आणि रोज खाणार. निर्बीजीकरणानं भूक जात नाही.

भारतभरच्या नोंदी गोळा केलेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यप्राण्यांच्या ८० जाती निघाल्या, त्यातल्या ३१ जागतिक पातळीवर धोक्यात असलेल्या. हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

आता त्याहून कहर. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, पहिल्यांदाच ‘आक्रमक परक्या प्रजाती’ असा विषय कायद्यात आला. मी उत्साहानं व्याख्या वाचली. परकी म्हणजे काय? जी मूळची भारतातली नाही ती. झालं! दिल्लीहून बघितलं तर अंदमान भारतात, चितळ भारतातलं, कुत्रं भारतातलं, साळुंकी भारतातली, म्हणजे अंदमानात परकं कुणीच नाही. मुख्य भूमीपासून हजारेक किलोमीटर समुद्रात, स्वतःच्या वेगळ्या जिवांसकट वसलेली बेटं, त्यांना आपण कायद्यात एखाद्या जिल्ह्यासारखं धरलंय. देशाची हद्द आणि जिवांची हद्द एकच नसते, एवढंही मसुदा करताना सुचलं नाही.

कुणी म्हणेल, कासवांचा एवढा पुळका आहे तर ग्रेट निकोबारच्या बंदराबद्दल बोला. बोलतो ना. जानेवारी २०२१ मध्ये गॅलेथिया उपसागराचं अभयारण्य बंदरासाठी अधिसूचनेतून काढलं, आणि हाच उपसागर लेदरबॅकची सगळ्यात मोठी जागा. कुत्र्यांवर सगळं खापर फोडून बंदराला मोकळं रान द्यायचा माझा इरादा नाही. उलट, एक मोठा किनारा बंदराखाली जाणार असेल तर उरलेल्यांवर एकही घरटं कुत्र्यांना देणं परवडणार नाही.

कोकणातले मित्र म्हणतील, घरटी उचलून जाळीत न्या. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी २००२ पासून तेच केलं, ऑलिव्ह रिडलेची अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून जपली, आज कासव महोत्सवाला मुंबई-पुण्याहून लोक येतात. त्या कामाला माझा सलाम. पण वेळासला किनाऱ्यामागं गाव आहे, पहाटे उठून फिरणारी पोरं आहेत. आठशेहून जास्त बेटं-खडक, त्यातली वस्ती असलेली तीस-चाळीस, तिथं कितीशा जाळ्या लावणार आणि राखायला कोण बसणार? तिथं घरटं नाही, कुत्रं हलवावं लागेल.

आणि हे हलवणं मारल्याशिवायही होऊ शकतं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांवरून कुत्री उचलायला सांगितलं, आणि त्यांना परत तिथंच सोडू नका असंही सांगितलं. म्हणजे ‘जिथून उचललं तिथंच’ हा नियम काही जागांसाठी बाजूला ठेवता येतो, हे न्यायालयानंच दाखवलं. त्या यादीत कासवांचा एकही किनारा नाही, एकही अभयारण्य नाही. कासव याचिका करत नाही.

मागणी साधी आहे. कासवांच्या अंडी घालण्याच्या किनाऱ्यांवरून आणि वस्ती नसलेल्या बेटांवरून मोकाट कुत्री जिवंत धरा, पोर्ट ब्लेअरकडं निवारे बांधा, तिथं मरेपर्यंत सांभाळा, परत किनाऱ्यावर सोडू नका. वस्तीच्या बेटांवर प्रत्येक कुत्र्याला मालकाचं नाव, निर्बीजीकरण सक्तीचं, आणि बोटीतून नवीन कुत्रं-मांजर बेटावर न्यायला बंदी. आदिवासी राखीव क्षेत्रात काहीही करण्याआधी तिथल्या लोकांना विचारा. धरता येत नाही, आणि घरट्यांवर रोज येतंय, अशा कुत्र्याबद्दल वन खात्याला पशुवैद्याच्या हातून शेवटचा निर्णय घ्यायची मुभा द्या. हो, मी ते लिहिलंय. शिव्या घालायच्या असतील तर या ओळीला घाला, बाकीच्या पोस्टला नको. आणि कायद्यातली ‘परकी’ची व्याख्या बेटांसाठी बदला.

लेदरबॅक माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्यावर येतात. म्हणजे पुढच्या हंगामाआधी काही व्हायचं तर पावसाळ्यातच हालचाल हवी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि अंदमान-निकोबार प्रशासन, दोघांना पाठवायच्या निवेदनाचा मसुदा करतोय. कायदा कळणारं, किंवा त्या बेटांवर काम केलेलं कुणी इथं असेल तर इनबॉक्समध्ये या, एकदा नजर घाला. सह्या त्यानंतर मागीन.